अध्यक्षांच्या वजनाचा माणूस

मी मानसशास्त्र शिकवतो आणि जमेल तसा सूड घेतो. पहिल्या कामाचा पगार मिळतो. दुसऱ्यानं माझ्या सगळ्या पँटी सैल केल्या. वजन कसं उतरवलं असं कोणी विचारलं की मी सकाळचं चालणं, कोमट पाणी, ज्वारीची भाकरी असं काहीबाही सांगतो, कारण लोकांना तेच ऐकायचं असतं. खरं कारण एक माणूस आहे. आमच्याच कॉलेजचे क्रीडा संचालक. त्यांच्यावरची खुन्नस मी वर्षभर भाकरीसोबत खाल्ली, आणि ती भाकरीपेक्षा जास्त अंगी लागली.

कॉलेज केज तालुक्यात, मी राहतो बीडला. क्रीडा संचालकही बीडचेच. आम्ही चार प्राध्यापक एका गाडीनं जातो-येतो. हे महाशय कायम पुढच्या सीटवर. मी मागे, खिडकीला दाबलेला, आणि माझ्यामुळे दाबलेले बाकीचे दोघं.

आमच्या संस्थेच्या अध्यक्षांची दर वाढदिवसाला गूळतुला होते. डिसेंबरात, गुऱ्हाळं पेटलेली असतात तेव्हा. मोंढ्याच्या बाजारातला थोरला तराजू येतो, साखळ्यांना झेंडूच्या माळा बांधतात, एका पारड्यात साहेब बसतात, दुसऱ्यात गुळाच्या ढेपा चढवतात. पारडं उचललं की हलगी, फटाके, टाळ्या. तो गूळ मग ऊसतोडीला गेलेल्यांची लेकरं राहतात त्या आमच्या वसतिगृहात जातो.

आता ह्यात एक अडचण होती. ढेपा किती मागवायच्या? त्यासाठी साहेबांचं वजन माहीत पाहिजे, आणि साहेबांना वजन विचारेल असा माणूस आमच्या संस्थेत नेमलेला नाही. भरपूर मागवाव्यात तर उरलेल्याचे पैसे कोण देणार, आणि अंदाजानं मागवाव्यात तर कमी पडण्याची भीती. साहेब भर मंचावर खालीच राहिले, हे आमच्या भागात नुसतं मनात आणलं तरी माणूस इकडंतिकडं बघतो. तेव्हा काही वर्षांपूर्वी क्रीडा संचालकांनी स्टाफरूममध्ये एक नजर फिरवली. ती फिरत फिरत माझ्यावर आली आणि थांबली.

"सर, जरा उभं राहता का?"

मला वाटलं, कसल्या समितीवर घेतायत. मी उभा राहिलो. त्यांनी मला पुढून बघितलं, मागून बघितलं, बैल बाजारात बघतात तसं, आणि मान डोलावली. साहेबांची अंगलट आणि माझी अंगलट एक. उंचीसुद्धा तेवढीच. तेव्हापासून कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी रिकाम्या सभागृहात मी पारड्यात बसायचो, समोर गुऱ्हाळातून परतीच्या बोलीवर आणलेल्या ढेपा चढवायच्या, जितक्या लागल्या त्यात एक ढेप जादा धरून मागणी जायची. क्रीडा संचालक ह्याला ट्रायल म्हणत. पहिल्या वर्षी तर मला अभिमान वाटला. घरी गेल्यावर बायकोला म्हणालो, सबंध कॉलेजात साहेबांच्या तोडीचा मी एकटाच आहे.

ती भाकरी थापत होती. म्हणाली, "अहो, ते कौतुक न्हाई."

हे मला कळायला तीन-चार वर्षं लागली. मानसशास्त्राचा माणूस असूनही.

एका वर्षी तराजूचा टेम्पो रस्त्यात बिघडला. तराजू आला तो थेट कार्यक्रमाच्या सकाळी. मांडव भरलेला: पोरं, पालक, गावोगावचे सरपंच, हलगीवाले. साहेब अजून यायचे होते. ट्रायल तर व्हायलाच पाहिजे, म्हणून क्रीडा संचालकांनी मला मंचावर बोलावलं आणि लोकांसमोर पारड्यात बसवलं. इथवर ठीक होतं. पण त्यांच्या हातात माइक होता, आणि हा माणूस रिकामा माइक हातात धरू शकत नाही.

"मंडळी, सर पारड्यात बसलेले हायत," ते म्हणाले. "साखळी तुटली न्हाई. आता साहेबांना कसलाच धोका न्हाई."

मांडव हसला. मीही हसलो. पारड्यात उकिडवं बसलेल्या माणसाला दुसरं काय करता येतं? त्यानं त्यांना जोर आला.

"सर मन शिकवतात. पर ह्यांच्यात मन नेमकं कुठं हाय ते हुडकायला दोन मजूर लावावे लागत्याल."

ह्यावर हलगीवाल्यानं आपणहून एक ठोका दिला. तो ठोका मी अजून विसरलेलो नाही. दुपारपर्यंत त्याचा व्हिडिओ साऱ्या तालुक्यात फिरला. संध्याकाळी माझ्या सासऱ्यांनी मला तो पाठवला. खाली हात जोडलेलं चित्र होतं. ते कशाबद्दल, हे मी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी वर्गात गेलो. प्रकरण होतं 'सवयी : घडण आणि बदल'. फळ्यावर शीर्षक लिहिलं, पाठ फिरवून उभा होतो, तेवढ्यात मागच्या बाकावरून कोणीतरी तोंडानं हलगी वाजवली. एकच ठोका. सगळा वर्ग खिदळला. पट्ट्यावरून, म्हणजे ऊसतोडीच्या हंगामावरून, दोन दिवसांसाठी परीक्षेचा फॉर्म भरायला आलेला एक दांडगा विद्यार्थी होता. कारखान्यावर आईबापाच्या टोळीत ऊस तोडायचा. तो काळजीनं म्हणाला, "सर, तुमी आमच्या टोळीत चला. एका पट्ट्यात हाडं दिसत्याल." त्याचा टिंगलीचा हेतू नव्हता. म्हणून ते जास्त लागलं.

मी ते प्रकरण बंद केलं आणि 'स्मृती' घेतलं. ही आणखी मोठी चूक. आदल्या दिवसाचं सगळ्यांच्या चांगलंच स्मृतीत होतं, आणि मी उदाहरण मागितलं.

त्या दिवशी परत येताना गाडीत मी ठरवलं: त्या पारड्यात मी पुन्हा बसणार नाही. नाही म्हणायची सोय नव्हती. ट्रायलला नाही म्हणणं म्हणजे साहेबांना नाही म्हणणं, आणि साहेबांना नाही म्हणणारा माणूस पुढच्या महिन्यात संस्थेच्या डोंगरातल्या शाखेवर मराठी व्याकरण शिकवताना दिसतो. सुटकेची वाट एकच होती. साहेबांच्या वजनाचा राहायचंच नाही. समोरच्या सीटवर क्रीडा संचालकांची मान होती. ताठ, सडपातळ, शिट्टीची दोरी घातलेली. त्या मानेकडं बघून मी शपथ घेतली.

आता वजन कसं उतरवायचं? वीस वर्षं मी ह्याच विषयावर व्याख्यानं दिली होती. सवय संकेतानं सुरू होते, बक्षिसानं पक्की होते, वगैरे. माझा संकेत होता आमच्या वाटेवरचा मांजरसुंबा. फाट्यावर गाडी वळायला लागली की माझ्या तोंडाला पाणी सुटायचं. तो घंटीवाला प्रसिद्ध कुत्रा मी वर्गात शिकवायचो, पण त्याच्यात आणि माझ्यात फरक एवढाच की त्याला भजी मिळायची नाहीत. जाताना भजी, येताना रबडी, असा माझा नेम होता.

पहिल्यांदा शास्त्रशुद्ध उपाय केला. मनगटाला रबर बांधायचं आणि खायची इच्छा झाली की ओढून सोडायचं. वेदना आणि इच्छा ह्यांची गाठ बसते, मग इच्छा मरते. मी ते नेटानं केलं. गाठ बसली, पण उलटी. पंधरवड्यात अशी अवस्था झाली की नोटांच्या पुडक्याला लावलेलं रबर बँकेत दिसलं तरी मला भजीचा वास यायचा. मनगट लाल झालेलं बघून बायकोनं विचारलं, कॉलेजात कोणाशी मारामारी झाली का?

मग बक्षिसाचा मार्ग. पहाटे बीडच्या मैदानावर चालायचं, आणि चाललो की स्वतःला छोटं बक्षीस द्यायचं. मैदानाच्या दारातच जिलबीवाला होता. महिनाभर मी न चुकता चाललो. शिस्तीचा मला अभिमान वाटत होता. वजन वाढलं.

हे असं किती दिवस चाललं असतं कोणास ठाऊक. एकदा मांजरसुंब्याला बाकीचे उतरले. मी खिडकीची काच खाली करून भजीवाल्याला हाक मारणार, तेवढ्यात कोणत्यातरी ग्रुपवर तोच व्हिडिओ पुन्हा आला. पुन्हा तो आवाज, दोन मजूर, हलगीचा ठोका. आणि समोर काचेपलीकडं तोच माणूस कांदाभजी खात उभा. माझ्या पोटात काहीतरी आवळलं. भूक गेली. अशी गेली की पाणीसुद्धा नको वाटलं.

वीस वर्षांच्या अध्यापनात न सापडलेलं औषध मला तिथं सापडलं. दुसऱ्या दिवसापासून फाटा आला की मी कानात इअरफोन घालून तो व्हिडिओ लावायचो. चेहरा शांत. एकदा क्रीडा संचालक भजीचा द्रोण घेऊन खिडकीशी आले.

"रोज काय ऐकताय सर? कीर्तन?"

"हो," मी म्हणालो. "मन शांत होतं."

"लई चांगलं. घ्या, एक तरी घ्या."

मी एकदा भज्यांकडं बघितलं, एकदा त्यांच्याकडं बघितलं, आणि नको म्हणालो. ह्या नको म्हणण्यात जी चव होती ती रबडीला नाही. घरीही तसंच. दुसरी भाकरी ताटात आली की मनात हलगी वाजायची आणि मी ताट बाजूला सारायचो. पहाटे चालताना पुढं दूरवर एक शिट्टीची दोरी घातलेली मान आहे असं धरून चालायचो. पाय आपोआप उचलायचे. जिलबीवाला पाठ झाली की हाका मारायचा, जुनं गिऱ्हाईक म्हणून. पावसाळा संपेपर्यंत पट्ट्याला नवी भोकं पाडावी लागली. दिवाळीपर्यंत चेहरा असा उतरला की लोक चौकशी करायला लागले. साखर निघाली का सर, असं दबक्या आवाजात. स्टाफरूममध्ये तर रोज विषय. स्वतः क्रीडा संचालकांनीच एकदा गाडीत मागं वळून म्हटलं होतं, सर आता मागच्या सीटवर हवा खेळती राहते.

हे सगळं सांगतोय कारण पुढं जे झालं त्यावर कोणी विश्वास ठेवत नाही.

डिसेंबर आला. मी निश्चिंत होतो. मला वाटलं, आता दुसरा कोणी बघतील. कार्यालयात एक-दोन चांगले उमेदवार होते. पण वाढदिवसाच्या आदल्या दिवशी क्रीडा संचालक स्टाफरूमच्या दारात आले आणि म्हणाले, चला सर, ट्रायल. नेहमीच्या सुरात. दरवर्षी म्हणतात तसं.

मी त्यांच्या तोंडाकडं बघितलं. थट्टा नव्हती. त्यांना खरंच काही दिसत नव्हतं. मी बारीक झालोय हे त्यांना माहीत होतं, आणि ट्रायलला सर बसतात हेही माहीत होतं, पण ह्या दोन गोष्टी त्यांच्या डोक्यात कधी एकमेकींना भेटल्याच नव्हत्या. सर का बसतात, हे कधीच मागे पडलं होतं. सर बसतात, एवढंच उरलं होतं. सवय ह्यालाच म्हणतात. वर्गात मला इतकं चांगलं उदाहरण कधी मिळालं नसतं.

बोलायचं माझ्या जिभेवर आलं होतं. सर, जरा थांबा, मी आता साहेबांएवढा नाही. एक वाक्य. मी ते गिळलं. वर्षभरात दुसरं काही इतक्या आवडीनं गिळलं नव्हतं. ढगळ स्वेटर घातलेलाच होता. गुपचूप गेलो, पारड्यात बसलो. ढेपा चढल्या, पारडं लवकर उचललं. यंदा ढेपा भारी दिसतायत, क्रीडा संचालक म्हणाले, गुऱ्हाळ बदललंय ना, युसूफ वडगावकडचा गूळ आहे. एक ढेप जादा धरली, मागणी फोनवर दिली आणि जाताना माझ्या पाठीवर थाप मारली. त्या थापेनं उरलासुरला कळवळाही गेला.

दुसऱ्या दिवशी मी पहिल्या रांगेत बसलो. साहेब आले, फेटा बांधला गेला, औक्षण झालं, साहेब पारड्यात बसले. माइक क्रीडा संचालकांच्या हातात. पहिली ढेप, दुसरी ढेप, हलगी चढत गेली. सगळ्या ढेपा संपल्या. साहेबांचं पारडं जमिनीला टेकलेलं ते टेकलेलंच. जादाची ढेप चढवली. साखळी कुरकुरली, साहेब जागचे हलले नाहीत.

हलगीवाले बिचारे वाजवतच राहिले. त्यांना कोणी थांब म्हणेना. क्रीडा संचालकांनी माइकवर साहेबांच्या कार्याचा आढावा घ्यायला सुरुवात केली आणि डाव्या हातानं पोरांना खुणा केल्या. दोन पोरं पळाली. परत आली ती पोत्यात काहीतरी जड घेऊन, वाकून. ते काय होतं हे मला पोतं पारड्यात आपटल्याच्या आवाजावरून कळलं. खेळाच्या खोलीतले गोळाफेकीचे गोळे. वरून झेंडूची माळ टाकली. पारडं डुगडुगलं आणि साहेब एकदाचे वर गेले.

टाळ्या पडल्या. पण साहेब आता उंचावर होते, आणि उंचावरून समोरचं पारडं, पोत्याच्या उघड्या तोंडासकट, स्वच्छ दिसतं. त्यांनी क्रीडा संचालकांना विचारलं,

"सर, ते काळं काय हाय?"

क्रीडा संचालकांनी झेंडूची माळ पोत्यावर ओढली. "सेंद्रिय गूळ हाय साहेब. काळाच आसतो."

"मंग फोडा की जरा. परसाद खातो."

माइक चालूच होता. मी आयुष्यात पुष्कळ मनोव्यापार अभ्यासले आहेत, पण एका माणसाच्या चेहऱ्यावर दोन सत्यं एकाच वेळी अडकलेली तेव्हा पहिल्यांदा बघितली. गूळ कमी आणला म्हणावं तर चूक त्यांची. गूळ बरोबर होता म्हणावं तर साहेब जाड झाले. दोन्ही म्हणता येत नव्हतं. त्यांची नजर भिरभिरली आणि माझ्यावर येऊन थांबली. काही वर्षांपूर्वी स्टाफरूममध्ये थांबली होती तशीच.

"सरांमुळं झालं साहेब," ते माइकवर म्हणाले. "सर बारीक झालेत."

सबंध मांडवानं माना वळवल्या. माझ्या वैऱ्यानं, त्याच मंचावरून, सरपंचांसकट सगळ्या तालुक्याला मी बारीक झाल्याचं जाहीर केलं. माझ्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं.

साहेबांनी मला उभं राहायला सांगितलं. मी उभा राहिलो. एका हातानं पँट धरली होती, कारण आनंदाच्या भरात पट्ट्याचं भोक चुकलं होतं. कधी झालं हे, त्यांनी विचारलं. वर्षभरात झालं साहेब, मी नम्रपणे सांगितलं. मग ते क्रीडा संचालकांकडं वळले.

"तुमी दोघं एकाच गाडीत येता ना? वरीसभर तुमचे डोळे कुठं व्हते?"

माइकमधून फक्त श्वास ऐकू आला. किती वेळ, ते मोजलं नाही, पण माझ्या हिशेबानं तो कमीच होता. अजून थोडा चालला असता. साहेबांना शेवटी हसू आलं. कमी पडलेला गूळ उद्याच्या उद्या वसतिगृहात पोचवा म्हणाले, आणि खाली उतरताना मला बजावलं की ह्याच वजनात राहा, परत वाढलात तर परत तुमालाच बसवू. लोक हसले. त्या हसण्याचा मला राग आला नाही.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात 'सवयी' काढलं. फळ्याकडं पाठ करायची भीती वाटली नाही. कोणी हलगी वाजवली नाही. पुढच्या बाकावरच्या एका मुलीनं विचारलं, "सर, सवय बदलायला राग चालतो का?" पुस्तकात तसं काही नाही. मी तिला म्हणालो, चालतो, पण तो पुरत नाही. माझ्याच तोंडून आलेलं हे वाक्य मला नीट ऐकू आलं नाही. ऐकलं असतं तर बरं झालं असतं.

कारण त्याच दिवशी परतताना मांजरसुंब्याला मी व्हिडिओ लावला आणि मला हसू आलं. दोन मजूरवाला विनोद चांगला होता, हे पहिल्यांदाच कळलं. हसत हसत खाली उतरलो आणि दोन प्लेट भजी खाल्ली. दुसऱ्या दिवशी रबडीही. क्रीडा संचालक आता गाडीत गप्प असायचे, पुढची सीटही मला देऊ करायचे. असल्या माणसावर काय रागवायचं? सूड पुरा झाला आणि भूक मोकळी झाली. पट्टा पुन्हा जुन्या भोकांकडं सरकायला लागला. रोज रात्री झोपताना मला ते रिकामं पारडं दिसायचं.

संक्रांतीला संध्याकाळी दार वाजलं. क्रीडा संचालक, बायकोसह. हातात तिळगुळाचा डबा. आत आले, बसले, चहा झाला. दोघी बायका वाणाचं बोलत होत्या. मग त्यांनी डबा उघडला, एक लाडू माझ्यापुढं धरला, वर्षभराचं भांडण मिटवायला जे वाक्य म्हणतात ते म्हणाले, आणि त्यात स्वतःचंही घातलं.

"सर, त्या माइकचं मनावर घेऊ नका. चुकलं माझं."

चांगल्या मनानं म्हणत होते. आवाजावरून कळत होतं. तेच तर भयंकर होतं. हा लाडू मी तोंडात टाकला की सगळं मिटणार. राग जाणार, उरलेलं वर्ष मी आनंदानं जेवणार, आणि डिसेंबरात पुन्हा कोणीतरी म्हणणार, चला सर. मी लाडवाकडं बघितलं. तीळ भाजल्याचा वास छान येत होता.

"नको," मी म्हणालो.

बायकोनं माझ्याकडं असं बघितलं, जणू मी भर देवळात चप्पल घालून शिरलोय. संक्रांतीचा तिळगूळ कोणी नाकारत नाही. भाऊबंदकीच्या कज्ज्यातले वादी-प्रतिवादीसुद्धा घेतात. क्रीडा संचालकांचा हात तसाच पुढं राहिला. पुन्हा एकदा म्हणाले, घ्या सर. मी पुन्हा नको म्हणालो. त्यांनी लाडू डब्यात ठेवला, झाकण दाबलं आणि उठले. मानेवरची शीर फुगलेली दिसली. दारात चपला घालताना ते वळले.

"लई माज आलाय सर तुमाला. पुढल्या डिशेंबरला बघतो, पारड्यात कोण बसतंय ते. सबंध मांडवापुढं बसवीन. माइक घेऊन."

"बघू," मी म्हणालो.

ते जिना उतरून गेले. बायको म्हणाली, "काय मिळालं ह्यातून तुमाला?" तिला सांगण्यासारखं नव्हतं. पोटात ते ओळखीचं काहीतरी आवळलं होतं, घट्ट, छान. स्वयंपाकघरात गूळपोळ्या झाल्या होत्या, तूप कढत होतं. मी बूट घातले आणि चालायला निघालो.